नाही म्हणायची शिकवणी

देशपांडे साहेबांना मी पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा ते स्पॅनिशमध्ये मासे विकत होते.

साहेब अंबरनाथच्या एका रासायनिक कारखान्यात मोठे अधिकारी. शेजारच्या घरात ऑम्लेट झालं तर स्वतःच्या घरातला पंखा लावणारा माणूस. मी त्यांच्या खालच्या मजल्यावर नव्यानेच राहायला आलो होतो. बायकोने विरजण मागायला वर पाठवलं. दार उघडंच होतं. हॉलमध्ये पाटावर साहेब बसलेले, अंगात बनियन, पुढ्यात पसरलेलं वर्तमानपत्र आणि वर्तमानपत्रावर ओळीने मांडलेल्या घरातल्या सगळ्या चपला. समोर कमरेवर हात ठेवून उभी असलेली एक सिंधी मुलगी. आणि दोघांच्या मध्ये, कुस्तीच्या पंचासारख्या, पदर खोचून उभ्या असलेल्या देशपांडे काकू.

मुलीने एक चप्पल उचलली, हुंगली, नाक मुरडलं आणि स्पॅनिशमध्ये काहीतरी फटकन बोलली.

"सी, सी, सेन्योरा," साहेब अजिजीने म्हणाले.

"अहो, सी सी काय?" काकू कडाडल्या. "ती म्हणते मासा शिळा आहे. आणि तुम्ही हो म्हणताय! भांडा!"

"अगं, पण चप्पल शिळीच आहे," साहेब म्हणाले.

मी विरजणाची वाटी घेऊन तसाच उभा राहिलो. काकूंची नजर माझ्याकडे गेली. "तू खालचा ना? बस तिथं. तू गिऱ्हाईक नंबर दोन."

त्या संध्याकाळी मी एक कोल्हापुरी चप्पल स्पॅनिशमध्ये विकत घेतली आणि विरजण विसरून घरी गेलो.

हा काय प्रकार होता, ते नंतर कळलं. उल्हासनगरच्या सिंधी घरांतल्या मुली तेव्हा जगभर दिल्या जात. कुणाचा दीर हाँगकाँगला, कुणाचे सासरे जकार्ताला, कुणाचं दुकान थेट अटलांटिक महासागरातल्या एखाद्या स्पॅनिश बेटावर. मुलीबरोबर दागिने जात, साड्या जात, पापडांचे डबे आणि लोणच्याच्या बरण्या जात. भाषा तेवढी कुणी बांधून देत नसे. ते काम देशपांडे काकूंनी आपणहून अंगावर घेतलं होतं. मोबदला काही नाही. एखाद्या घरून पापड येत, ते साहेब जेवताना मोडत आणि म्हणत, "ही माझी मासेविक्रीची कमाई."

काकूंना इतक्या भाषा येत होत्या, असा कुणाचा समज होईल. येत नव्हत्या. "मी मास्तरीण नाही रे," त्या म्हणत. "मी एक धडा पुढं असलेली विद्यार्थिनी." शॉर्टवेव्हचा रेडिओ कानाला लावून त्या पोळ्या लाटत. परदेशी निवेदक जे म्हणेल ते त्याच्या पाठोपाठ, त्याच्याच सुरात, अर्थ न कळता म्हणत. पोळ्या होईपर्यंत सूर तोंडात बसलेला असे. अर्थ मग दुपारी, शब्दकोश घेऊन. वरच्या मजल्यावरून आम्हाला कधी कुकरची शिट्टी, कधी अर्जेंटिनातल्या गव्हाचे बाजारभाव ऐकू येत.

त्यांच्या शिकवण्याचा क्रमही जगावेगळा होता. पहिल्या दिवशी नमस्कार नाही. "नमस्कार हातानेसुद्धा करता येतो, तो शेवटी शिका," असं त्यांचं म्हणणं. पहिला शब्द 'नाही'. त्यानंतर 'किती?', मग 'हे कुणी ठरवलं?' आणि तिथून पुढे सरळ भांडण. ज्या भाषेत भांडता येतं ती आपली, बाकीच्या पाहुण्या, हा त्यांचा सिद्धान्त. मुली लाजत. काकू मग स्वतः सासू होत, शेजारीण होत, बसचा कंडक्टर होत, आणि मुलीच्या तोंडून 'नाही' निघेपर्यंत तिला सोडत नसत.

याचं मूळ त्यांच्या स्वतःच्या लग्नात होतं. काकूंचं माहेर धारवाडकडचं, घरात सगळं कानडी. लग्न होऊन बदलापूरला सासरी आल्या तेव्हा मराठीतलं 'पाणी' आणि 'बसा' एवढंच येत होतं. सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्यांना कौतुकाने सांगत, "आमची सून म्हणजे गरीब गाय. तोंड वर करून बोलत नाही." काय बोलणार? शब्दच नव्हते. दारावर खरवईहून एक भाजीवाली येई, गोदीबाई. एक दिवस ती टोपली उतरवता उतरवता म्हणाली, "काय गो, मुकी हायेस का तू? भाव तरी कर. मना करमत नाय असं भाव न करता इकायला!"

झालं. गोदीबाई त्यांची गुरू झाली. रोज दारात बसून ती काकूंना भाव करायला शिकवी, आणि भाव तोडायलाही. काही महिन्यांनी सासूबाईंच्या भिशीच्या बायका घरात बसलेल्या असताना बाहेरून त्यांच्या गरीब गाईचा आवाज आला, "मना नको शिकवू गो! कालची मेथी हाय ती, तुज्या घरी ने!"

सासूबाईंच्या हातातला चहा बशीत सांडला. सुनेला मराठी आलं होतं, पण खरवईचं आलं होतं. ते पुढे आयुष्यभर थोडं राहिलंच. काकू चिडल्या की आधी कानडी 'अय्यय्यो' निघे आणि लगेच मागून गोदीबाई बोले.

पण त्या मुक्या वर्षाबद्दल बोलताना त्या कधी हसल्या नाहीत. "भूक लागली तरी सांगता येत नव्हतं असं नाही रे," एकदा मला म्हणाल्या. "भूक कळते. नको आहे, हे सांगता येत नव्हतं. ते कुणाला कळतच नाही."

आता कविताकडे येतो.

उल्हासनगरला कॅम्प पाचमध्ये लछमनभाईंचं इलेक्ट्रिक सामानाचं दुकान होतं. मिक्सर, इस्त्र्या, टेपरेकॉर्डर आणि नव्वदीच्या सुरुवातीला आलेले ते टीव्ही गेम. काकू सिंधी शिकल्या त्या या दुकानात. त्यांचा मिक्सर फार वेळा बिघडे. साहेबांचा कयास असा, की भांडणाची हुक्की आली की बिघडे. लछमनभाई त्यांना 'अदी' म्हणत, म्हणजे सिंधीत ताई, आणि त्यांच्याशी तासभर वाद घालायला गिऱ्हाईक सोडून स्टूल पुढे करत. अघळपघळ, प्रेमळ, मोठ्याने हसणारा माणूस. त्यांचं ऐकणं मात्र कच्चं होतं. प्रश्न विचारायचे आणि उत्तरही आपणच देऊन टाकायचे. "अदी, चाय लोगे ना? हां, लोगे. ए, दो चाय!"

कविता त्यांची एकुलती मुलगी. कॉलेज करून दुकानात बसे. खरं म्हणजे दुकान तीच चालवत होती. कुठला मिक्सर कुणाला द्यायचा, कुणाला उधारी द्यायची नाही, सगळं तिला ठाऊक. लछमनभाई गल्ल्यावर बसून फक्त हसत.

त्यांचे एक चुलतभाऊ जपानला, कोबे शहरात. त्यांनी एकदा टीव्ही गेमच्या वापरलेल्या कॅसेटची पेटी पाठवली. गाड्या पळवायच्या, गोळ्या झाडायच्या त्या कॅसेट हातोहात गेल्या. उरल्या त्या ज्यांत पडदाभर जपानी अक्षरंच अक्षरं. पोरं घेऊन जायची आणि संध्याकाळी परत आणायची. "अंकल, इसमें मारामारी कम है, बकबक ज्यादा है." त्याच चुलतभावांनी त्यांच्या ओळखीतलं एक स्थळही सुचवलं. मुलगा दीपक, जन्मापासून कोबेचा, घरचं कापडाचं दुकान. लछमनभाईंनी विचारलं, "कविता, ठीक है ना? हां, ठीक है." आणि काकूंना निरोप गेला.

काकूंना जपानीचा गंध नव्हता. कोबेहून लहान मुलांचं अक्षरओळखीचं पुस्तक मागवलं, फोर्टातून एक शब्दकोश आला, रेडिओची सुई जपानकडे वळली. पण भांडायला कोण? साहेबांनी जपानी मासे विकायला साफ नकार दिला. तेव्हा कविताच म्हणाली, "आंटी, दुकान में वो बकबकवाली कॅसेटें पड़ी हैं."

गेम लावायचा कुठे? साहेबांना बातम्या हव्यात. म्हणून तो आला आमच्या घरी. माझ्या टीव्हीवर, माझ्या बैठकीत, सहा-सात महिने. माझी बायको पडद्यासमोर भाजी निवडे, काकू आणि कविता चटईवर, मधे शब्दकोश. बटणं मी दाबायची, कारण काकूंचा नायक सारखा भिंतीवर जाऊन आपटे आणि त्या "अय्यय्यो, लागलं का रे?" म्हणून त्याची चौकशी करत.

गेम म्हणजे एक गाव. गावात माणसं. माणसाजवळ गेलं की तो काहीतरी बोले, खाली अक्षरं उमटत. जपानी चित्रलिपी त्या काळच्या गेममध्ये मावत नसे, म्हणून सगळं साध्या मुळाक्षरांत, शब्द सुटे सुटे, नवशिक्याला अगदी सोयीचं. आणि त्यातली माणसं कधी कंटाळत नसत. तेच वाक्य शंभरदा विचारा, शंभरदा त्याच शब्दांत सांगणार. "असा मास्तर कुठं मिळणार?" काकू म्हणत. सराईचा मालक म्हणे, प्रवाशा, आज रात्री इथे विसावा घे. हत्यारांचा दुकानदार म्हणे, काय हवं? तलवार की ढाल? कविता दुकानदाराची मुलगी, तिने तलवारीची किंमत वाचली आणि पडद्याला म्हणाली, "फिक्स रेट? चल हट!" अडखळत वाचणारी ती पोर महिनाभरात माझ्या बोटांच्या पुढे धावायला लागली. आमच्या इमारतीत जिन्यावर कुणी भेटलं की "प्रवाशा, कुठे निघालास?" असं जपानीत विचारायची पद्धतच पडली. दूधवाल्याने ती मोठ्या मनाने सहन केली.

मग आम्ही राजवाड्यात पोचलो. राजाने विचारलं, राक्षसाच्या किल्ल्यावर जाशील? खाली दोन शब्द आले. 'हाइ', म्हणजे हो. 'इइए', म्हणजे नाही.

"नाही दाब," काकू म्हणाल्या. "आधी नाही. आपला नियम."

मी नाही दाबलं. राजा म्हणाला, असं म्हणू नकोस. जाशील ना? पुन्हा हो, नाही. पुन्हा नाही. असं म्हणू नकोस. जाशील ना?

काकू इरेला पेटल्या. "दाब. दाबत राहा. कधीतरी ऐकेल." राजा ऐकेना. माझा अंगठा दुखायला लागला. बायको हसता हसता शेंगा सांडून बसली. "असला कसला राजा!" काकू टीव्हीवर ओरडल्या. "नाय बोलते ना मी तुला! कान फुटले का तुझे?"

आम्ही सगळे हसत होतो. कविता हसत नव्हती. पडद्याकडे बघत ती हळूच म्हणाली, "आंटी, आमच्या घरी पण असंच आहे."

काकूंनी मला खूण केली, मी टीव्ही बंद केला. कविता फार बोलली नाही. तिला कोबेला जायचं नव्हतं. दीपकबद्दल तक्रार नव्हती, त्याला तिने पाहिलंही नव्हतं. तिला दुकान हवं होतं. कॅम्प पाचमधलं, स्वतः चालवायचं. "पापा को बोला?" काकूंनी विचारलं. ती म्हणाली, "पापा पूछते हैं ना, तो मेरा जवाब भी वही दे देते हैं. मेरी बारी ही नहीं आती."

काकूंनी शब्दकोश मिटला. मग म्हणाल्या, "हे बघ बाळ, मी भाषा शिकवते. लग्नं जमवत नाही आणि मोडत नाही. ते माझं काम नव्हे." एवढं म्हणून त्या वर गेल्या. पण दुसऱ्या दिवसापासून शिकवणीचा रंग बदलला. गाव, सराई, तलवार, सगळं मागे पडलं. रोज काकू राजा होऊन खुर्चीवर बसत, डोक्यावर आमची पोळ्यांची टोपली, आणि विचारत, जाशील? कविता म्हणे, इइए. असं म्हणू नकोस, जाशील ना? इइए. कधी खालच्या मानेने, कधी रडवेल्या आवाजात, शेवटी शेवटी अगदी साध्या, गिऱ्हाइकाला माल संपला म्हणून सांगावं तशा सुरात. "हां," काकू म्हणाल्या, "हा खरा."

मुलगा बघायला आला तो दिवाळीनंतर. त्याचे आईवडील दुकान सोडून येऊ शकले नव्हते. मुंबईचे मामा-मामी त्याला घेऊन आले होते. लछमनभाईंनी काकूंना आग्रहाने बोलावलं. मुलगी जपानी बोलते, हे त्यांना मामा-मामींसमोर मिरवायचं होतं. मी काकूंना स्कूटरवरून घेऊन गेलो आणि माझीही दारातल्या खुर्चीवर सोय झाली.

पापड आले, पाणी आलं, सरबत आलं. दीपक बिचारा घट्ट टायमध्ये, सोफ्याच्या कडेला. हिंदी मोडकं, सिंधी घरापुरतं. "कविता," लछमनभाई हात चोळत म्हणाले, "जापानी में बोल ना कुछ. हां, बोलेगी!"

कविताने मान वर केली आणि खणखणीत जपानीत म्हणाली, "प्रवाशा, या गावात तुझं स्वागत असो. तलवार हवी की ढाल?"

दीपकच्या हातातला पापड मोडला. मग तो असा हसला, की टाय सैल करावा लागला. लहानपणी त्याने तोच गेम खेळलेला! त्याने मांडीवर थाप मारून काहीतरी उत्तर दिलं, तिने प्रत्युत्तर दिलं, आणि बघता बघता दोघं बोलायला लागली. भरल्या बैठकीत, सगळ्या वडीलधाऱ्यांच्या देखत, त्या दोघांना एक वेगळी खोली मिळाली होती. खोलीत तिसऱ्या फक्त काकू.

"छा थी चवे?" मामींनी काकूंना विचारलं. काय म्हणते?

"हवेची चौकशी करतायत," काकू पापड खात सिंधीत म्हणाल्या. "कोबेला थंडी फार असते म्हणे."

प्रत्यक्षात कविताने विचारलं होतं, तुमच्या दुकानात गल्ल्यावर कोण बसतं? तो म्हणाला होता, बाबा आणि मी. बायका? त्या दुकानात येत नाहीत. हे सगळं काकूंनी मला नंतर सांगितलं.

"अब?" लछमनभाई.

"आता पावसाचं चाललंय."

तिने विचारलं होतं, तू स्वतः होऊन आलास की पाठवलं म्हणून? त्याने प्रामाणिकपणे सांगितलं, आईने सांगितलं, आलो. मग तो जरा थांबला आणि त्याने विचारलं, येशील?

"इइए," कविता म्हणाली. हा शब्द मलाही कळत होता. माझी पाठ खुर्चीपासून सुटली.

दीपक गमतीने राजाच्या सुरात म्हणाला, असं म्हणू नकोस. येशील ना?

"इइए."

त्याचं हसू गेलं. या वेळी त्याने खरं विचारलं, हळू. तिने त्याच्याकडे सरळ बघत, माल संपला म्हणून सांगावं तसं सांगितलं. इइए. त्याने मान खाली घातली आणि एक छोटा शब्द उच्चारला. समजलं.

"क्या बोली, अदी? हां बोली ना?" लछमनभाई हसत पुढे झुकले.

काकूंच्या हातात पापड होता. पाऊस, वारा, बर्फ, काहीही चाललं असतं. त्यांनी कविताकडे पाहिलं. ती त्यांच्याकडेच बघत होती. काकूंनी पापड ताटलीत ठेवला, पदराला बोटं पुसली आणि स्वच्छ सिंधीत सांगितलं, मुलगी नाही म्हणाली. तीनदा विचारलं, तीनदा नाही म्हणाली.

"अरे, वो तो गेम का डायलॉग है!" लछमनभाई मोठ्याने हसले. कुणीच साथ दिली नाही. दीपक मोडक्या हिंदीत म्हणाला, "नहीं अंकल. सच में ना बोली. मैं सुना."

पाहुणे सरबत संपवून अदबीने गेले. बोलणी तिथेच मोडली. पुढचं आत्ताच सांगून टाकतो. कविता कोबेलाच काय, कुठेच गेली नाही. आज त्या दुकानाची दोन दुकानं झाली आहेत आणि दोन्हींच्या पाटीवर तिचं नाव आहे. काकू मात्र वर्षभरात धारवाडला गेल्या, साहेब निवृत्त झाल्यावर. त्यानंतर आमची भेट नाही. पण माझ्या डोळ्यांसमोर त्या येतात त्या त्याच संध्याकाळच्या.

आम्ही जिना उतरून खाली आलो होतो. मागून लछमनभाई धावत आले, पायात चपला नाहीत. काकू वळल्या आणि पदर खोचला. आता होणार, मला वाटलं. सगळ्या भाषांतलं एकत्र होणार.

पण लछमनभाई ओरडले नाहीत. शेवटच्या पायरीवर बसले आणि म्हणाले, "अदी, एक बात बताओ. उसने ये मेरे को सिंधी में क्यों नहीं बोला?"

काकूंनी खोचलेला पदर सोडला.

"भाऊ, तिलाच विचारा," त्या म्हणाल्या. मराठीत म्हणाल्या, पण लछमनभाईंना कळलं. "आत्ता वर जा आणि विचारा. आणि विचारून झालं की गप्प बसा. कितीही वेळ लागू दे."

ते उठले, कठड्याला धरून वर गेले. वरची खिडकी उघडी होती. त्यांचा आवाज आला, एकच वाक्य. मग बराच वेळ काहीच नाही. मग कविताचा आवाज, आधी अडखळत, नंतर न थांबता. मला सिंधी कळत नव्हतं. मी काकूंना विचारलं, "काय म्हणतेय?"

काकू रस्त्याकडे तोंड करून उभ्या होत्या.

"स्कूटर चालू कर," त्या म्हणाल्या. "आणि जरा जोरात रेस दे. मला सगळं ऐकू येतंय."